घरापुरतं फुकट

"फुकटचं म्युझिक आहे, टाका बिनधास्त," असं कुणी म्हटलं की मला आता नुसता शीण येतो. भांडायचं त्राणच उरलेलं नाही.

जव्हारला एसटी डेपोजवळ माझा लग्नाच्या शूटिंगचा गाळा होता. नेटवर व्हिडिओ चढवायचं खूळ तेव्हा नुकतंच आमच्या डोंगरावर पोचलेलं. पोशेऱ्याकडचा एक म्हातारा भोपळ्याचा तारपा असा फुंकायचा की अर्धा अर्धा तास दम तुटायचा नाही. भातकापणीनंतर एकदा मी हौसेनं त्याचं शूटिंग केलं.

आता आमच्याकडे टायटलशिवाय कॅसेट म्हणजे कॅसेटच नव्हे. नाव गरगर फिरत येणार, मागे म्युझिक वाजणार, तेव्हा कुठे लोकांचं समाधान. मग म्हाताऱ्याच्या तारप्याआधीही मी वीस सेकंदांचं म्युझिक जोडलं, 'फ्री' लिहिलेल्या एका सीडीवरचं. शेवटी सवयीनं गाळ्याचा फोन नंबर टाकला आणि सायबर कॅफेत अर्धा दिवस बसून ते चढवलं.

पुढे लग्नसराई आली. जुन्या कॅसेटवरच नवं लग्न घ्यायचं, ही आम्हा शूटिंगवाल्यांची रीत. कॉम्प्युटरही गच्च भरलेला. म्हटलं, नेटवर आहे की, तिथनं कुठं पळून जातंय. कॉम्प्युटरवरनं तारपा पुसला आणि त्याच्याच कॅसेटवर खोडाळ्याची एक हळद घेतली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

त्या पावसाळ्यात म्हातारा गेला. होळीला त्याची मुलगी भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून आली, ती थेट गाळ्यावर.

"दादा, बाबाचा तारपा ऐकव ना. घरात त्याचा फोटोपण नाय."

तिला सायबर कॅफेत नेलं. व्हिडिओ सुरू झाला. म्हाताऱ्याचे गाल फुगत होते, बोटं चालत होती, त्याच्याभोवती नाचणाऱ्या पोरींचा फेर वळत होता. आवाज मात्र नाही. मी स्पीकर ठोकून पाहिला, वायर हलवून पाहिली. मग माझ्या खात्यावर पडलेली इंग्रजी चिठ्ठी कॅफेवाल्यानं वाचून सांगितली. ते म्युझिक फुकट होतं, पण घरापुरतं. फोन नंबर टाकल्यामुळे माझा व्हिडिओ धंद्याची जाहिरात ठरला. म्युझिकच्या मालकानं तक्रार केली आणि साइटवाल्यांनी सगळाच आवाज बंद केला. सीडीच्या कव्हरवर बारीक अक्षरात हे लिहिलेलं होतं म्हणे. ते कोण वाचतो?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिला सगळं खरं सांगितलं, कॅसेट पुसल्याचंही. ती ओरडली नाही. पडद्यावरच्या बापाकडे बघत राहिली.

"त्यांचं होतं ते त्यांनी न्यावं," ती म्हणाली. "बाबाचं कशाला नेलं?"

तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच शेवटपर्यंत पाहिला.