आईच्या आजोबांचं गाव

आईचे आजोबा ओब्रायन आयरिश होते आणि बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीत फिटर होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ऐंशी वर्षांच्या आईला एकदा त्यांचं मूळ गाव कळायला हवं होतं. म्हणून दर शनिवारी मी खाणीच्या जुन्या दफ्तरखान्यात जायचो.

तिथले बाबू नाकाला गमछा बांधून रजिस्टर उघडायचे आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचे. नावापुढे ‘मयत’ दिसलं की क्षणभर थांबायचे. मी निघताना ते म्हणायचे, “तुमचा मानूस आज बी नाही भेटला जी.” सापडला नाही, असं ते कधीच म्हणाले नाहीत.

दोन महिन्यांनी मीच कंटाळलो आणि जाणं सोडलं. त्यांना कळवलंही नाही.

एका रविवारी दुपारी बाबू सायकलनं बालाघाटला आमच्या दारात आले.

“बिरेन लिहलं होतं. बंगाली समजून सोडतच होतो. मोठ्यानं वाचलं तं वाटलं, हाच तुमचा ओब्रायन! पुढं फिटर, अन् आयर्लंडातलं मूळ गाव बी.”

“तुम्ही अजून शोधत होता?”

“हौ. तुम्ही थांबले, म्हनून मी काहून थांबू?”

उतरवून आणलेला कागद त्यांनी मला दिला नाही. आईच्या खाटेजवळ बसून कॉर्क परगण्यातल्या त्या खेड्याचं नाव तिच्या कानाशी सावकाश वाचलं. आईनं ते तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा चुकलं, आणि मग तिनं त्यांचा हात धरूनच ठेवला.

मी चहा ठेवायला आत गेलो.