वांगी डिकीत, चावीही डिकीत

मी गाडी शिकले तेव्हा मला बावन्नावं लागलं होतं. आमच्या ह्यांना आयुष्यभर स्कूटर पुरली, त्यामुळे घरात चारचाकी चालवणारी मी एकटीच. मुलगी म्हणाली, "वा, आई!" हे म्हणाले, "सावकाश." आणि सहा महिन्यांत एकदाही माझ्या शेजारी बसले नाहीत. लग्नाला जायचं तर ह्यांना एसटी बरी वाटायची, बाजारात जायचं तर पाय मोकळे करायचे असायचे. मी विचारणं सोडलं नव्हतं, पण दर वेळी मनाला लागायचं.

गेल्या हिवाळ्यात थोरल्या जावेच्या माहेरी, शेतात भरीत पार्टी ठरली. धरणगाव रस्त्याला, जळगावपासून अर्ध्या तासावर. जाऊ, तिची बहीण आणि मी.

"तुम्हीही चला," मी म्हटलं.

"भरीत खाल्लं की मला पित्त होतं."

मागच्याच रविवारी ह्याच माणसाने तीनदा भरीत मागून घेतलं होतं. निघताना मात्र फाटकापर्यंत आले आणि बजावलं, गाडी लॉक केल्याशिवाय एक पाऊल हलायचं नाही. मीही मनाशी ठरवलं, आज धड जाऊन धड परत यायचं आणि पुढच्या खेपेला ह्यांना शेजारी बसवायचंच.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शेत राखणाऱ्या आबांनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग रचून ठेवला होता. मी शहाण्यासारखी आधी चारही दारं लॉक केली. मग चावीने डिकी उघडली. आत बामणोदच्या वांग्यांची पिशवी आणि वांगी ठेचायची लाकडी बडगी. आमची बडगी सासूबाईंच्या वेळची, ती एका हाताने उचलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. चावी वांग्यांवर ठेवली, दोन्ही हातांनी बडगी पोटाशी धरली आणि कोपराने डिकी लावली. खट् आवाज झाला आणि लक्षात आलं, चावी वांग्यांवरच राहिली. फोनसुद्धा आत, पर्समध्ये.

आबांनी तार वाकवून काचेच्या फटीतून घालून पाहिली. जावेची बहीण चारही दारं ओढून आली, आणि उगीच पुन्हा ओढून आली. पऱ्हाट्या पेटल्या होत्या आणि भाजायला काही नव्हतं.

"ते बठ्ठं ठीक शे, अक्का," आबा म्हणाले, "पन वांगा बी मझारच शेतस का?"

वांगीसुद्धा आतच, हे कळल्यावर जाऊ हसत सुटली. मला रडू येत होतं. "काच फोडू या," मी म्हटलं.

"वेड लागलंय का? भावजींना फोन लावते."

तेच तर मला नको होतं. आधीच गाडीत पाय न ठेवणारा माणूस, त्याला आयतंच कारण मिळणार. पण दुसरा उपाय नव्हता. तिने फोन लावून माझ्या हातात कोंबला.

"काय, ठोकली का?" ह्यांचा पहिला प्रश्न.

"नाही. चावी आत राहिली. दुसरी कपाटात आहे, माझ्या साड्यांखाली."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग म्हणाले, "येतो."

पाऊण तासाने स्कूटर आली. कानटोपी, त्यावर मफलर, दोन स्वेटर, आणि गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहतंय. चावी परकराच्या नाडीत ओवून गळ्यात घातलेली. आता सगळ्यांसमोर माझी शोभा होणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. ह्यांनी डिकी उघडली, पिशवी आबांकडे दिली आणि म्हणाले, "भूक लागलीय." नंतर तीनदा भरीत घेतलं. पित्ताची आठवण कोणालाच झाली नाही.

निघायच्या वेळी हे स्कूटरपाशी गेले. हँडलला हात लावला आणि मागे घेतला.

"आबा, स्कूटर राहू द्या इथे. उद्या नेतो."

आणि येऊन माझ्या शेजारी बसले. "थंडी आहे, म्हणून," एवढंच म्हणाले. मागे जाऊ खोकली. चावी फिरवताना मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी आरसा उगीचच दोनदा नीट केला.

घर येईपर्यंत ह्यांनी दारावरची कडी सोडली नाही. बोलले एकदाच, "गतिरोधक." तो मला दिसला होता, पण मी "हो" म्हटलं.

दारात गाडी उभी केली. हे उतरले, पण दार लावेनात. ते धरून तसेच उभे.

"चावी दाखव."

मी हात वर करून दाखवली, तेव्हा कुठे दार लागलं. आता वर्ष होत आलं. फैजपूर असो, जामनेर असो, नाहीतर नुसती भाजी आणायची असो, हे उतरतात, दार धरून उभे राहतात आणि चावी दाखव म्हणतात. मी दर वेळी दाखवते.