मास्तरांच्या गाडीचा गॉगल

नऊ मार्चला मास्तरांच्या धाकट्या मुलीने आपल्या पहिल्या पगारातले एक हजार दोनशे चाळीस रुपये मोजून दिले आणि गाडीच्या दिव्यांवर चिकटवायच्या काळपट फिल्मची गुंडाळी घरी आणली. ती एका बेकरीत केकवर क्रीमने नावं लिहायची. बोटांत कसब होतं, त्यामुळे कापाकापीची तिला भीती नव्हती.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. एक गाडी, तिच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि घराला लागून पत्र्याची शेड, एवढाच त्यांचा पसारा. गाडी जुनी होत चालली होती. पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, मागच्यांवर ओरखडे होते. चौकातल्या नव्या क्लासने दोन चकचकीत गाड्या आणल्यापासून चौकशीला येणारी माणसं मास्तरांच्या गाडीकडे बघूनच काढता पाय घेत. मास्तर बोलून दाखवत नसत, पण हल्ली गाडी पुसताना त्यांचा हात त्या काचांवर रेंगाळत असे. मुलीने ते हेरलं होतं.

रविवारी मास्तर थोरल्या भावाकडे गेले आणि मायलेकी कामाला लागल्या. साबणाच्या पाण्याचा फवारा, त्यावर फिल्म, हेअर ड्रायरची गरम हवा आणि मग रबरी पट्टीने बुडबुडे बाहेर. गोलाईवर फिल्म सुरकुतली की आई म्हणे, "नीट ताण गं. तुझ्या बाबांच्या कपाळासारखं झालंय ते." मागच्या दिव्यांवर एक थर फिका वाटला, म्हणून मुलीने दुसरा चढवला.

संध्याकाळी मास्तर परतले आणि शेडच्या दारातच थबकले.

"हिला गॉगल कोणी घातला?"

"आवडला का, ते सांगा आधी," मुलगी म्हणाली.

"म्हातारीची हौस बघा," मास्तर म्हणाले. पण गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेला हसलेच.

"पुढचे दिवे जरा मिणमिणते नाही वाटत?" बायकोने विचारलं.

"आपला क्लास रात्री कुठे असतो?"

तरी नेम म्हणजे नेम. मास्तरांच्या क्लासची सुरुवात ठरलेली होती. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "लागला." त्याशिवाय गाडी जागची हलत नसे. "मागच्याला तुमचा पाय दिसत नाही, दिवा दिसतो," हे त्यांचं वाक्य शिकून गेलेल्यांनाही पाठ होतं. त्यांनी बायकोला गाडीत बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. शेडच्या अंधारात दोन्ही दिवे निखाऱ्यासारखे लाल झाले.

"लागला," मास्तर म्हणाले. विषय संपला.

सोमवारी भर दुपारी औषधवाल्या बाईंचा तास होता. बाईंचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान. हिशेबाला पक्क्या, पण गाडीत बसल्या की समोर फुलपाखरू आलं तरी ब्रेकवर उभ्या राहत. शेडमध्ये पुन्हा दिवा बघून झाला, "लागला" म्हणून झालं आणि गाडी उन्हात निघाली. पाठोपाठ आईच्या लक्षात आलं की मास्तरांचा फोन ओट्यावरच राहिलाय. मुलगी बेकरीत निघालीच होती. तिने फोन पर्समध्ये टाकला, हेल्मेट चढवलं आणि स्कूटर काढली.

शाळेच्या रस्त्यावर तिने गाडी गाठली. त्याच वेळी बाईंना कबुतर दिसलं.

धडक मोठी नव्हती. पण मास्तर उतरून मागे आले तेव्हा स्कूटर आडवी पडली होती आणि मुलगी उजवं मनगट डाव्या हाताने छातीशी धरून रस्त्यावर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

"अंतर ठेवायला काय झालं होतं?" मास्तर ओरडले. "गावाला अंतर शिकवतो मी, आणि माझ्याच पोरीला कळू नये?"

"बाबा, तुम्ही ब्रेक लावलाच नाही."

"लावल्याशिवाय गाडी थांबली का?"

"मला दिवा नाही दिसला."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "मी दाबला होता हो, मास्तर. देवाशपथ दाबला होता."

"बसा आत. परत दाबा."

बाई बसल्या. मास्तर गाडीच्या मागे उभे राहिले. ऊन थेट काचेवर पडलं होतं. काच काळी होती.

"दाबा, बाई."

"दाबलाय."

"अहो, पुरता दाबा."

"दोन्ही पायांनी दाबलाय, मास्तर."

मास्तर वाकले. दोन्ही तळव्यांची ओंजळ करून त्यांनी दिव्यावर सावली धरली आणि डोळा तिच्याशी नेला. आत लाल उजेड होता. दिवा लागलेला होता. त्यांनी हात काढला, तसा तो गेला. पुन्हा धरला, पुन्हा दिसला. जमलेल्या माणसांपैकी कोणी तरी म्हणालं, "अहो, आधी मुलीला बघा," तेव्हा कुठे ते भानावर आले.  इतकी वर्षं त्यांनी दिवा तपासला होता तो शेडमध्ये. गल्ली अरुंद, उन्हात कोण उभं राहणार.

एका टॅक्सीवाल्याने दोघांना दवाखान्यात नेलं. वाटेत मुलगी हळूच म्हणाली, "दुसरा थर मी लावला, बाबा."

"लागला असं मी म्हणालो," मास्तर म्हणाले. 

मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. पण डॉक्टरांनी अंगठ्याच्या टोकाला टाचणी लावली तर तिला कळलं नाही. तिने टाचणीकडे पाहिलं, मग बापाकडे. "क्रीमची पिशवी अंगठ्यानेच दाबतात," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वाट बघू.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी क्लास बंद ठेवला आणि गाडी उन्हात काढून फिल्म सोलायला बसले. चिकट राहिलेलं बायको रॉकेलच्या बोळ्याने पुसत होती. मुलगी पायरीवर बसून सांगत होती, "कोपऱ्यातून उचला, बाबा. ओरबाडू नका." चौकशीला आलेला एक जण ते ओरखडे बघून परत गेला. मास्तरांनी मान वर केली नाही.

बेकरीच्या मालकाने तिला गल्ल्यावर बसवलं. प्लास्टर निघाल्यावर तिने घरी क्रीमऐवजी बटाट्याच्या लगद्याने नावं लिहून पाहिली. लांबडी अक्षरं जमतात, गोल अक्षरं अजून फिस्कटतात. अंगठ्याला गरम कळतं, गार कळत नाही. मालकाने आणखी महिनाभर थांबायचं कबूल केलंय.

टॅक्सीवाला त्या दिवशी भाडं न घेताच निघून गेला होता. मास्तर दोनदा स्टँडवर जाऊन आले, पण तो भेटला नाही. त्याचे एकशे दहा रुपये द्यायचे राहिले आहेत.