गुणमालाकाकूंचा हात

सांगलीबाहेर ऊस संपून माळ सुरू होतो, तिथं एक पांजरपोळ आहे. म्हातारी, लंगडी, बाजारातून सोडवून आणलेली जनावरं मरेपर्यंत तिथं राहतात. गुणमाला मगदूम तिथं नोकरीला नव्हत्या. नवरा गेल्यावर एकदा चारा द्यायला म्हणून आल्या आणि मग रोज येत राहिल्या. घरी सून नीट वागायची, नातवंडं होती, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. फक्त घरात त्यांच्यावाचून अडत नव्हतं. इथं अडायचं.

आजारी जनावरांचा गोठा बाकीच्यांपासून वेगळा होता, लांब आणि बुटका. सगळी एका रांगेत बांधलेली. त्यातलं एखादं शेवटाला आलं की काकूंना बोलावणं जायचं. त्या चपला बाहेर काढायच्या, जनावराच्या कपाळावर उजवा हात ठेवायच्या आणि कानाशी वाकून णमोकार म्हणायच्या. मरताना तो मंत्र कानावर पडला तर मुक्या जीवालाही पुढची गती चांगली मिळते, हे त्यांनी वारणाकाठच्या माहेरी आजोबांकडून ऐकलं होतं. आजोबांना बैलाच्या कानात तो म्हणताना पाहिलंही होतं.

काकूंचा हात पडला की जनावराची धडपड थांबायची. मान ताठ, डोळा एका जागी. बघणाऱ्यांना ती शांतता वाटायची. पांजरपोळाचे अध्यक्ष जिनपाल अण्णा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काकूंच्या हाताबद्दल सांगायचे. मग बाकीच्या गोठ्यांतलं बुजरं वासरू, लाथ मारणारी म्हैस, जखमेला हात लावू न देणारा बैल, कशासाठीही काकूंना बोलावू लागले. काकू मोठेपणा मिरवत नसत. पण त्यांना तो कळला होता, आणि तो कळल्यापासून त्यांचा दिवस सोपा झाला होता.

पाखऱ्या नावाचा एक खिलार बैल त्या गोठ्यात दोन वर्षं होता. कोणीतरी लोणंदच्या बाजारातून सोडवून आणलेला. पायाचं दुखणं बरं झालं तरी त्याला तिथंच ठेवला होता, कारण काकूंना तो नजरेसमोर लागायचा. या पाखऱ्याच्या डाव्या शिंगात कॅन्सर निघाला. शिंग एका बाजूला कलंडलं, मुळाशी घाण वास यायला लागला. मुळापासून कापलं तर बैल जगणार होता.

कापायला जनावरांची डॉक्टर शिवांजली येणार होती. ती साताऱ्याची. माणसाच्या स्पर्शानं जनावराच्या मेंदूत काय बदलतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. आधी घोड्यांवर केलं, आता बैलांवर. पाखऱ्याला तपासून तिनं सांगितलं की बैलाचं काळीज अशक्त आहे, पुरती गुंगी दिली तर तो उठणार नाही. शिंगाची जागा बधिर करायची आणि उभ्या उभ्याच कापायचं. दुखणार नाही. पण घाबरला तर खोड्यातच, म्हणजे जनावर उभं अडकवायच्या लाकडी चौकटीतच, कोसळेल.

"मग काळजी कसली," जिनपाल अण्णा म्हणाले. "काकू डोक्याशी उभ्या राहतील."

शिवांजलीनं काकूंबद्दल ऐकलं होतं. शस्त्रक्रियेच्या आधी काकूंच्या हाताखाली पाखऱ्याचा मेंदू काय करतो ते बघू द्या, एवढंच तिनं मागितलं. काकू हो म्हणाल्या. खरं तर त्या आनंदल्या होत्या. जे इतकी वर्षं नुसतं बोललं जात होतं, ते आता दिसणार होतं.

पाखऱ्याच्या कपाळावरचे केस भादरून यंत्राच्या चार तारा चिकटवल्या. दोर धरला मधूनं. मधु आटपाडीचा, चारा-शेण करणारा गडी, जनावरांना शिव्या दिल्याशिवाय ज्याचं एक काम होत नसे. पडद्यावर रेघा सरकू लागल्या. शिवांजलीनं समजावून सांगितलं की रेघ संथ, मोठ्या लाटांची असली म्हणजे जनावर आतून निवांत आहे. बारीक आणि दाट झाली म्हणजे सावध आहे, भ्यालं आहे.

पाखऱ्या रवंथ करत होता. लाटा मोठ्या होत्या. काकूंनी चपला काढल्या, त्या जवळ आल्या, वाकल्या.

हात लागायच्या आधीच रेघ दाट झाली. हात लागला आणि रेघांनी पडदा काळा भरला. बैल मात्र दगडासारखा उभा होता, मान ताठ, डोळा स्थिर. बाहेरून बघणाऱ्याला तो फार शांत वाटला असता.

तारा पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. शिवांजलीनं मधूला हात ठेवायला सांगितलं.

"म्या? मला मंतर न्हाई येत."

"नुसता ठेवा."

मधूनं मानेखालची लोंबती कातडी खाजवायला सुरुवात केली. "काय रं भाड्या, फोटू काढाय बसलायस व्हय? शिंग जानार हाय तुजं. आता तुला पोरगी कोन देनार?" असं काहीबाही तो बोलत राहिला. पाखऱ्यानं मान त्याच्या काखेत घातली. लाटा मोठ्या झाल्या, संथ झाल्या.

 शिवांजली पडद्याकडे बघत राहिली, कारण काकूंकडे बघणं तिला जमेना. शेवटी काकूच म्हणाल्या, की हात न लावता, मंत्र न म्हणता, मी एकदा नुसती वाकून बघते. त्या वाकल्या. रेघ दाट झाली.

यंत्राला कारण कळत नव्हतं आणि शिवांजलीलाही ते सांगता येईना. काकू तशाच वाकलेल्या असताना त्यांची नजर रांगेवरून गेली. म्हातारी गाय, दोन म्हशी, मोडक्या पायाचा गोऱ्हा. एकही जनावर रवंथ करत नव्हतं. सगळी त्यांच्याकडे बघत होती.

तेव्हा त्यांना कळलं. ही जनावरं शेजारी शेजारी बांधलेली. काकू ज्याच्या कानाशी वाकल्या, ते उद्या जागेवर नसतं, हे रांगेनं पुन्हा पुन्हा बघितलं होतं. पाखऱ्यानं तर दोन वर्षं बघितलं होतं. त्याच्या उजवीकडची जागा कितीदा रिकामी झाली आणि भरली. तो त्यांच्या हाताखाली शांत होत नव्हता. आपली पाळी आली म्हणून उभा राहत होता.

काकू बाहेर येऊन चपला न घालताच दगडावर बसल्या. ऊन होतं. पाय भाजत असतील, पण त्यांनी ते हलवले नाहीत.

जिनपाल अण्णांना हे पटलं नाही. हा यंत्राचा डबा चुकत असेल, म्हणाले. मग डबा बाजूला ठेवून त्यांनी खरी गोष्ट काढली. खोड्यात बैल गेला आणि कानात णमोकार पडला नाही, तर तो दोष कुणाच्या माथी? डॉक्टरीण साताऱ्याला निघून जाईल. काकू डोक्याशी असतील तरच मी कापायला परवानगी देईन.

अण्णा वाईट माणूस नव्हते. तीच गोष्ट काकू दिवसभर स्वतःला विचारत होत्या. जवळ उभं राहावं तर त्यांच्या भीतीनंच बैल कोसळायचा. लांब राहावं आणि तरीही कोसळला, तर तो मंत्र न ऐकता जाणार. आजवर या गोठ्यातून एक जीव तसा गेला नव्हता. आणि पहिला तसा जाणार होता तो त्यांचाच लाडका बैल. त्या देवळात जाऊन बसल्या. उत्तर घेऊन आल्या नाहीत. फक्त इतकं ठरवून आल्या की जनावराला काय वाटतं ते न कळता त्याच्या डोक्याशी उभं राहायचे दिवस संपले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी अण्णा दोन देणगीदारांना घेऊन हजर होते. काकू त्यांच्यासमोर गेल्या.

"मी डोक्याशी उभी राहणार नाही, अण्णा. मधु राहील."

"काकू, गेला तर?"

"गेला तर दोष माझा. तो मला भितो. मरताना त्याला माझं तोंड दिसायला नको."

अण्णा देणगीदारांकडे बघून ओशाळले. मग त्यांनी शिवांजलीला मान हलवून सुरू करायला सांगितलं.

काकू चाऱ्याच्या खोलीच्या भिंतीआड उभ्या राहिल्या. विटांमधल्या फटीतून त्यांना खोड्याची मागची बाजू दिसत होती. पाखऱ्याची शेपटी, मधूची पाठ. सुई टोचली तेव्हा बैल फुरफुरला. नंतर तारेच्या करवतीचा आवाज सुरू झाला. मधूचं बोलणं त्या आवाजावर चढलं. आटपाडीची माती, तिकडचा कडबा, तिकडच्या गायी, पाखऱ्याचा बाप कोण असावा, सगळं त्यानं बैलाला सांगून टाकलं. एकही वाक्य चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं. देणगीदार दुसरीकडे बघत होते.

मध्येच पाखऱ्याचे मागचे गुडघे वाकले. शेपटी लोंबली. शिवांजलीनं करवत थांबवून छातीला नळी लावली. अण्णा धावत भिंतीआड आले आणि हात जोडून उभे राहिले. "आता तरी या," ते हळूच म्हणाले. "कानात म्हणा."

काकूंचं एक पाऊल पुढं पडलं. ओठ आपोआप हलू लागले होते. त्यांच्या लक्षात आलं की तो आवाजही ओळखत असेल. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी दाबला आणि भिंतीला पाठ लावली. विटा गरम होत्या. अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत, आणि काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"ऊठ की रं गड्या," पलीकडून मधु म्हणाला. आवाजात शिवी नव्हती. "ऊठ. मी हाय न्हवं."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग खोड्याचं लाकूड करकरलं. फटीतून गुडघे सरळ होताना दिसले. करवत पुन्हा सुरू झाली आणि थोड्या वेळानं काहीतरी जड मातीवर पडलं.

पाखऱ्या जगला. कपाळाच्या एका बाजूला पट्टी बांधलेला तो मधूच्या सदऱ्याची बाही चघळत उभा राहिला. काकू लांबून बघून गेल्या. बघताना त्या त्याच्या नजरेस पडल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात रांगेतली म्हातारी गाय शेवटाला आली. मधु बोलवायला आला. काकू आल्या, पण दारातच थांबल्या.

"आधी बाकीची बाहेर ने," त्या म्हणाल्या. "लांब, लिंबाखाली. हिला एकटीला राहू दे."

"आवं, जाईल ती तवर."

"ने म्हणते ना."

मधूनं एकेक दावं सोडलं. पाखऱ्या बाहेर जाताना दारात अडखळला, काकू कुडाआड सरकल्या. मग गोठ्यात फक्त गाय राहिली आणि त्या. कडब्याची धूळ खाली बसत होती. बाहेर नेलेल्यांना आता हे बघावं लागणार नव्हतं. पण या गाईनंही तेच सगळं बघितलं होतं. तिला मंत्र हवा होता की नुसती ही मोकळी जागा, ते तारा लावूनही कुणाला कळलं नसतं.

काकू कानाशी गेल्या नाहीत. गाईच्या पाठीमागं, तिला दिसणार नाही अशा जागी त्या भुईवर बसल्या आणि तिचा श्वास ऐकत राहिल्या. तो जरा सैल झाला, तेव्हा त्यांनी अगदी हलक्या आवाजात, कुणाला उद्देशून नसल्यासारखा, मंत्र सुरू केला. दोन्ही हात मांडीवर ठेवून.