गाळोबाची टाकी

वसाहतीच्या सांडपाणी केंद्रावर एकोणीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला सगळे गाळोबा म्हणायचे, आणि त्याला या नावाचा भलताच अभिमान होता. साऱ्या घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी एका मोठ्या उघड्या टाकीत यायचं. खालून पंप हवा फुंकायचे, आणि तपकिरी गाळातले कोट्यवधी सूक्ष्मजीव ती घाण खाऊन फस्त करायचे. उरलेलं पाणी खालच्या तळ्यात जायचं, तिथं मासे सुखानं नांदायचे. गाळोबा म्हणायचा, "मी नुसता वाढपी. जेवणारे ते."

रोज सकाळी तो बाटलीभर गाळ काढून हुंगायचा. ओल्या मातीसारखा वास आला की स्वारी खूश. मग एक थेंब जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली. तिथं देठावर डोलणारे, घंटेच्या आकाराचे इवलेसे जीव दिसले की टाकी ठणठणीत. घरी ताटावर बसलं तरी त्याचं पुराण चालूच.

"निदान जेवताना तरी त्यांना बाहेर ठेवा," बायको वैतागायची.

"बाहेर कसे ठेवू? तुझ्या पोटातही आहेत. त्यांच्या मदतीनंच पचतंय हे."

बायको ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

मग गाळोबानं अक्कलदाढ काढायला दोन दिवस रजा घेतली. दाढ त्याची निघाली आणि अक्कल गेली ती नव्या व्यवस्थापकांची. तपासणीला वरचे साहेब येणार, आणि टाकीत हे तपकिरी पाणी, वर फेस! त्यांनी ब्लीचिंग पावडरची पोतीच्या पोती ओतून टाकी धुऊन घेतली.

सुजलेला गाल सांभाळत गाळोबा परतला, तर टाकीला पोहण्याच्या तलावाचा वास. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निपचित.

"साहेब, सगळे कामगार मारून टाकलेत तुम्ही!"

"कोण कामगार?" व्यवस्थापकांचा चेहरा पांढराफटक पडला. गाळोबानं समजावल्यावर तो आणखी पडला. सूक्ष्मजीव आपोआप वाढायला महिना-दीड महिना लागणार. तोवर सगळी घाण तळ्यात, आणि तळं संपलं. एकच उपाय होता. दुधाला विरजण लावतात तसा दुसऱ्या केंद्रावरचा जिवंत गाळ आणून टाकीत सोडायचा.

जवळचं केंद्र नऊ किलोमीटरवर. ते चालवत होते गाळोबाचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. आठ वर्षांपूर्वी भरल्या घरात, सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "तुझ्या टाकीला वास मारतो." गाळोबाला कोणी काहीही बोललं असतं तरी चाललं असतं, पण टाकीला! त्यानं तिथल्या तिथं भाऊजींशी बोलणं तोडलं, आणि ताई मध्ये पडली तेव्हा रागाच्या भरात तिलाही म्हणाला, "तूसुद्धा येऊ नकोस." ती आली नाही. त्या वाक्याचं त्याला रोज वाईट वाटायचं, पण फोन करायला हात धजत नव्हता.

टाकीसाठी मात्र तो धजला.

"भाऊजी, टाकी मेली," एवढंच बोलला. मग भाऊजी म्हणाले, "पंप चालू ठेव. टँकर घेऊन येतो."

पहिला टँकर आला, रिकामा झाला, गेला. दोघं फक्त पाइपाबद्दल बोलले. पाचव्या दिवशी भाऊजी दुसरी खेप घेऊन आले तेव्हा गाळोबा सूक्ष्मदर्शकावर वाकलेला होता. देठावर एक इवलीशी घंटा डोलत होती. शेजारी दुसरी. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जगली," तो म्हणाला, आणि मोठ्या कष्टानं पुढचं बोलला, "तुमचा गाळ चांगला निघाला, भाऊजी. मानलं."

भाऊजींनी टोपी काढली, परत घातली. "माझा कुठला? तुझाच आहे. आठ वर्षांपूर्वी माझी टाकी मेली होती. गुलाबांना घालायचाय म्हणून ताईनं तुझ्याकडून चार डबे गाळ नेला होता ना, तूच भरून दिलेला? तो पिंपात वाढवून मी टाकी उभी केली. तुझ्यामुळं नोकरी वाचली हे काही पचेना, म्हणून सगळ्यांसमोर तुझ्या टाकीला नावं ठेवली. ताई म्हणत होती, सांगून टाका. मला लाज वाटली."

गाळोबानं ओरडायला तोंड उघडलं. मग एकदम विचारलं, "ताई कुठाय?"

"फाटकाशी, टँकरच्या केबिनमध्ये बसलीय. दोन्ही खेपांना आली. तू ये म्हणाल्याशिवाय उतरायची नाही म्हणते."

गाळोबा चिखलाचे गमबूट फडफडवत फाटकाकडे धावत सुटला.