सांगवीचा अर्धा, डाळजचा अर्धा

छबूकाकूंच्या घरी दर एप्रिलमध्ये दोन वाळवणं असत. गच्चीवर कुरडया आणि पापड. खाली ओसरीच्या सावलीत, गोणपाटावर, उघडून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटी. कुरडयांना ऊन लागे, कॅसेटींना नुसता वारा. संध्याकाळी काकू एकेक कॅसेट मऊ फडक्यानं पुसत, पाच-पाचची जुडी करून मेथीच्या जुडीसारखी दोऱ्यानं बांधत, आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरून टोमॅटोच्या लाल क्रेटमध्ये रचून ठेवत. धान्य जसं ठेवायचं, तसंच. सासूनं शिकवलेलं, त्या म्हणत. सासूच्या काळात कॅसेटी नव्हत्या, पण टिकवायचं शास्त्र होतं.

एकशे शहाऐंशी कॅसेटी होत्या. त्यांत चार मालिका होत्या, आणि चारही अर्ध्या.

त्याचं कारण आमच्या गावाला ठाऊक आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी संध्याकाळी भारनियमन असे. मालिका आठला सुरू व्हायची आणि सव्वाआठला सांगवीची वीज जायची. काकूंची धाकटी नणंद कुशाबाई इंदापूर तालुक्यातल्या डाळजला दिलेली. तिथली वीज बरोबर त्याच सुमाराला यायची. बारामतीतलं एक व्हिडिओ पार्लर बंद पडलं तेव्हा त्याची दोन मशीन या दोघींनी वाटून घेतली होती. सांगवीत अंधार झाला की काकू चाचपडत फोनशी जात आणि डाळजला एवढंच म्हणत, "कुशे, गेली गं! धर!"

उसाला पाणी देताना एकीनं वाफा भरून दुसरीला हाक मारावी, तशी ती हाक होती. तिकडे कुशाबाई मशीनचं बटण दाबत. पहिला अर्धा सांगवीच्या कॅसेटवर, दुसरा अर्धा डाळजच्या. महिन्यातून एकदा बारामतीच्या बाजारात भाजीच्या पाटीआड कॅसेटींची अदलाबदल होई. बघून झालं की जिची तिला परत.

शेवटचा भाग मात्र राहिला. मालिकेचं नाव 'उंबराखाली'. त्यात तारा नावाची एक बाई होती. नवरा बारा वर्षांपूर्वी टाकून गेलेला. तिनं एकटीनं मळा उभा केला, पोरं वाढवली. शेवटच्या भागात तो नवरा परत येतो, अंगणाच्या फाटकाशी उभा राहतो आणि प्यायला पाणी मागतो. तारा तांब्या उचलते. आणि सांगवीची वीज गेली.

तो २००६ सालचा एप्रिल. पुढच्या महिन्यात काकूंच्या मुलाचं, गोकुळचं लग्न होतं. कुशाबाई लग्नाला येताना पिशवीत ती कॅसेट घेऊनच आल्या होत्या. मांडवात कुणीतरी त्यांच्या हातात पत्रिका दिली. निमंत्रकांत बावीस नावं होती, लांबच्या मावसभावापर्यंतची. कुशाबाईंच्या नवऱ्याचं, आबाजींचं, नव्हतं. छापताना ओळ सुटली, की लिहितानाच, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुशाबाई अक्षता टाकून, न जेवता निघून गेल्या. कॅसेट पिशवीतून तशीच परत गेली.

मग भादव्यात डाळजहून बातमी आली. कुशाबाईंनी बाजरीवर पाखरं बसू नयेत म्हणून कॅसेटींची रिळं काढून शेतभर ताणून बांधली. वाऱ्यावर ती गुणगुणतात. रावे, म्हणजे पोपट, तिकडं फिरकत नाहीत.

काकूंनी ती बातमी ऐकली आणि कोथिंबीर निवडत राहिल्या. बाजारात बायका त्यांना ताराची गोष्ट सांगायला येत तेव्हा त्या कानांवर हात ठेवत. "बघीन तर डोळ्यांनी. सांगोवांगी न्हाय." पुढं ती वाहिनी बंद पडली, मालिका पुन्हा कुठं लागली नाही. मी, त्यांच्या शेजारची, पुण्याला शिकायला गेल्यावर त्यांच्यासाठी मोबाईलवर पुष्कळ शोधलं. एक धूसर फोटो मिळाला, बाकी काही नाही. एकोणीस वर्षं ती तारा तांब्या उचलून उभी होती.

दरम्यान काकूंनी स्वतःचा एक शेवट रचला होता. तारा तांब्यातलं पाणी त्याच्यासमोर उंबराच्या मुळाशी ओतते. भांगलताना त्या तो शेवट सगळ्यांना सांगत. त्यांचे यजमान मोहनराव तेवढे मान हलवत. "पानी देईल ती. शेतकऱ्याची पोर हाय. पान्याला न्हाय म्हननार न्हाय."

"तुमी गप बसा. पुरुषाची बाजू घेनारच."

या जानेवारीत मी सुट्टीला घरी होते. आमच्या दोन घरांमध्ये एक शेवग्याचं झाड, तेवढंच अंतर. त्या सकाळी मी दूध द्यायला गेले तर गोकुळदादा चहा पुढ्यात घेऊन बसला होता आणि काकू भाकरी थापत होत्या.

"आये, सोमवारी भेंडी घेनाऱ्या कंपनीचा मानूस येनार. भेंडी निवडायची खोली बघायला."

"येऊ दे की. चहा करू."

"खोलीत तुझ्या कॅसेटी हायत."

"मग त्यांनाबी चहा करू का?"

त्याची बायको मोनावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. गोकुळदादा हसला नाही.

"चेष्टा नगं. भंगारवाल्याला इचारलं, तोबी घेत न्हाय. वढ्याकडची ज्वारी हुरड्यात आली हाय. अर्ध्या एकराला चार बास हुतील. बाकीच्या ज्याला पायजेत त्याला वाटू. आत्यानं न्हाय का लावल्या बाजरीवर?"

काकूंच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. एकोणीस वर्षांत त्या घरात आत्याचं नाव असं मोठ्यानं निघालं नव्हतं.

गोकुळदादालाही ते जाणवलं असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "तूच सांग. एवढ्या ढिगात एक तरी गोष्ट पुरी हाय का? शेवटापतूर एक दाखव. ती कॅसेटींची भिंत तुझी. मी भेंडी पत्र्याच्या शेडात निवडीन. न्हायतर रविवारी समदं बाहेर."

काकूंनी भाकरी उलटली. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "अर्ध्या एकराला चार."

"व्हय. चार लई झाल्या."

"कुशीची बाजरी अर्धा एकरच व्हती," काकू म्हणाल्या. "आन् तिच्याकडं कॅसेटी दीडशेच्या वर व्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीचं पातळ नेसून आमच्या दारात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "डाळजला येतीस का? एकटी गेले तर मधूनच माघारी फिरंन."

बारामतीहून भिगवणपर्यंत एसटी, पुढं वडापची, माणसं भरून नेणारी जीप. हायवेला लागल्यावर डावीकडं उजनीचं पाणी चमकत होतं आणि त्यावर पांढऱ्या पक्ष्यांची रांग. काकूंनी तिकडं पाहिलं नाही. मांडीवरच्या पिशवीत टोमॅटो आणि कोवळी वांगी होती. त्यांची देठं त्या उगाच नीट करत होत्या.

कुशाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आबाजी बाजेवर. कुशाबाईंनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा शेंगांत घातली.

"कोन हाय?"

"मी. सांगवीची."

"सांगवीत लई जनी हायत."

"पत्रिकेत नाव इसरनारी."

आबाजी एकदम उठून बसले. कुशाबाईंनी सूप बाजूला सरकवलं, आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. "आदी पानी घे, वैनी. उनात उभं राहून भांडान हुत न्हाय."

काकू पाणी प्यायल्या. तांब्या परत देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही. "कुशे, एकच इचारते. बाजरीवर काय लावलंवतंस?"

"कॅसेटी."

"कुठल्या?"

कुशाबाईंनी आबाजींकडं पाहिलं. आबाजींना खोकला आला.

"गोकुळच्या लग्नाच्या," कुशाबाई म्हणाल्या. "तीन व्हत्या. तूच पाठवलेल्या. राग आल्ता, लावल्या. लगीन असं वाजलं बग वाऱ्यावर, एक रावा उतरला न्हाय."

"आन् मालिकेच्या?"

"त्या कशा लावंन? लग्नात कोन जेवलं, कोन रुसलं, मला पाठ हाय. मालिकेतली अर्धी तुज्याकडं व्हती. अर्धी गोष्ट शेतात लावली तर उरलेल्या अर्धीला काय सांगू?"

"मग येवढी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तू इचारलंस का?"

आबाजी बाजेवरून म्हणाले, "मी दोघींनाबी फोन लावनार व्हतो. पन माजं नाव पत्रिकेतच न्हाय, म्हनलं मधी कशाला पडा."

आधी काकू हसल्या. मग कुशाबाई. बराच वेळ हसत राहिल्या, आणि मध्येच दोघींनी एकदमच डोळे पुसले.

माजघरात धान्याची जुनी पत्र्याची कोठी होती. कुशाबाईंनी झाकण काढलं. आत कडुलिंबाचा पाला, आणि पाल्याखाली पाच-पाचच्या जुड्या, मेथीच्या जुडीसारख्या दोऱ्यानं बांधलेल्या. काकूंनी वरची जुडी उचलली, नाकाशी नेली. एकाच बाईच्या हाताखाली शिकलेलं ते बांधणं होतं. एकीची सासू, दुसरीची आई.

"शेवटची कंची?"

"ही. पन वैनी, मला शेवट ठाव हाय बरं का. मशीनसमोरच बसलेवते मी. तो दारात आला कसा, तेवढं ठाव न्हाय. आमच्यात लाईट आली तवा ती तांब्या घिऊन उभीच व्हती."

"सांगू नगंस!" काकू ओरडल्या, आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

रविवारी दुपारी चारला सांगवीच्या त्या खोलीत आमची अर्धी गल्ली बसली होती. बारामतीतल्या जोतीराम टीव्हीवाल्यानं आदल्या दिवशी मशीनचा पट्टा बदलून, आतली धूळ काढून दिली होती. "ह्याला आता पार्ट मिळत न्हाईत, काकू. जपून चालवा," असं तो म्हणाला होता. गोकुळदादा दाराच्या चौकटीला टेकून उभा. त्याच्या पाठीमागं अंगणात रिकामा टेम्पो लावलेला होता. कॅसेटी भरायच्या झाल्या तर हाताशी असावा म्हणून.

कुशाबाई आणि आबाजी पुढच्या सतरंजीवर होते. मोनावहिनींनी त्यांना चहा देता देता विचारलं, "आत्या, माज्या लग्नाच्या कॅसेटींचं खरं का?"

"खरं, बाई. चुकलं माजं."

"चुकलं कसलं! त्या मेकपमदी मी मलाच वळखू आले नव्हते. बरं झालं पाखरांनी बघितलं."

काकूंनी आपली कॅसेट घातली. आधी नुसत्या पांढऱ्या रेघा धावल्या. कुणीतरी म्हणालं, गेली कामातून. काकू हलल्या नाहीत. रेघा खाली सरकल्या आणि उंबराचं झाड आलं. मग अंगण, मग तारा. रंग थोडे फिके, आवाज थोडा खोल. नवरा वाटेनं आला, फाटकाशी थांबला. आत यायला त्याला धीर होईना. कुशाबाई पुढं झुकून बघत होत्या. हा अर्धा त्यांच्यासाठी नवा होता. "असा आला व्हय मेला," त्या पुटपुटल्या. त्यानं पाणी मागितलं. तारानं तांब्या उचलला.

आणि पडदा काळा झाला. एकोणीस वर्षांपूर्वीचा अंधार होता तो, सांगवीचा, सव्वाआठचा.

मग काकूंचा आवाज आला, पूर्वीसारखाच, फोनवरचा:

"कुशे, गेली गं! धर!"

कुशाबाई उठल्या. कॅसेट पहिल्याच झटक्यात आत गेली.

तारा तांब्या घेऊन उभी होती. ती पायऱ्या उतरली. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. तो प्यायला, घटाघट, मान वर करून. त्यानं पाऊल आत टाकायला उचललं. तारानं हात पुढं केला, तांब्या परत घेतला, आणि फाटक लावलं. मग वळून, रिकाम्या तांब्यात हौदातलं पाणी भरून तिनं ते उंबराला घातलं. तेवढ्यावर नावं सुरू झाली.

पहिली टाळी मोहनरावांची होती. "पानी दिलं! म्हनत नव्हतो? एकोणीस वर्सं म्हनतोय!"

"आन् उंबराला कुनी घातलं?" काकू उभ्या राहून म्हणाल्या. "मी सांगितलं व्हतं का न्हाय? सांगा की आता!"

मग जो गलका उठला तो थांबेना. कुणी मोहनरावांच्या बाजूनं, कुणी काकूंच्या, आणि दोघंही जिंकलेले. कुशाबाईंनी दोन्ही कॅसेटी मागं फिरवल्या आणि सगळ्यांनी पुन्हा सलग पाहिलं. आधी सांगवीचा अर्धा, मग डाळजचा. या वेळी मध्ये हाक मारावी लागली नाही.

गोकुळदादा केव्हा बाहेर गेला ते मला दिसलं नाही. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा काकूंनी दचकून दाराकडं पाहिलं. तो टेम्पो वळवून पत्र्याच्या शेडाकडं नेत होता, भेंडीचे क्रेट भरून.

त्या संध्याकाळी डाळजच्या जुड्या सांगवीच्या जुड्यांशेजारी लागल्या. काकूंनी मला कोरा कागद आणि स्केचपेन दिलं. "तुजं अक्षर बरं हाय. भिंतीवर लावायला नाव लिही."

"काय लिहू?"

"सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: श्री. आबाजी गेणबा पानसरे, डाळज. मग त्याखाली मालिकांची नावं."

आबाजी तो कागद चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले, जणू त्यावर बावीस नावं होती.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. शेड पाहिली, पाण्याची सोय पाहिली, मान डोलावली. जाता जाता उघड्या दारातून त्याला ती भिंत दिसली; लाल क्रेट, पाला, दोऱ्याच्या जुड्या, वर कागद.

"हे काय ठेवलंय?" त्यानं विचारलं.

गोकुळदादानं आईकडं पाहिलं. मग छाती किंचित पुढं काढून म्हणाला, "पुरा माल हाय, सायेब. तुटका एकबी न्हाय."