खिडकीखालचा कोपरा

फोन आला तेव्हा मी मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते. अलिबागच्या दवाखान्यातून वहिनी एवढंच म्हणाली, "हे गेले गं..." आणि मी वेड्यासारखी वर्गाच्या भिंतीकडे बघत राहिले. सख्खा भाऊ गेला आणि मला भिंत दिसत होती! महिना उलटला, तरी या भिंतीवरचा राग जात नाही.

मुरुडजवळच्या आमच्या खेड्यातली ही जांभ्या दगडाची छोटी शाळा. वादळात झाड कोसळून भिंतींना भेगा पडल्या आणि शाळा पाडायचं ठरलं. पाडली की परत बांधणार नव्हते, मुलांचा पट कमी. मग चिमुरड्यांनी एसटीने मुरुड गाठायचं. मी रडकुंडीला येऊन दादाला गाठलं. न्हावा शेव्याला जेट्टीचे खांब दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवून, दमा घेऊन तो घरी परतला होता.

आल्या आल्या त्याने बोटांच्या पेरांनी भिंत ठोकली. जुनी खोड त्याची. मुलगी बघायला गेला तेव्हाही आधी सासऱ्यांची भिंत ठोकली होती! "जगेल ही," म्हणाला. "काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने चिकटवू. फक्त दगड उघडा आणि कोरडा हवा. मध्ये चुना राहिला तर कापड चुन्याला धरतं, भिंतीला नाही. मग पोकळ वाजतं." त्याने बांधकाम खात्याच्या साहेबांना समजावलं, पाडण्याआधी एकदा तपासू, असं त्यांनी कबूल केलं.

माणसं लावून गिलावा खरवडला. जांभा वाळत ठेवून आम्ही दादाच्या औषधांसाठी अलिबागला गेलो. गणपती तोंडावर आले होते. सणाला सगळी घरं रंगणार आणि शाळा उघडीबोडकी? गावातल्या बायकांनी हौसेने भिंतींना चुना फासला. "दादा, बघ तरी, कशी पांढरीफेक केली हाय!" शेजारच्या सुमनकाकी म्हणाल्या. दादाचा चेहरा उतरला. "झकास हाय, काकी," एवढंच बोलला आणि त्या गेल्यावर तारेचा ब्रश घेऊन स्वतःच खरवडायला बसला. माणसं सणाला घरी गेलेली, धूळ त्याला वर्ज्य. मी भांडले, ब्रश ओढला. "पोरं कुठे बसतील गं?" म्हणाला. पट्टा-पट्टा करत कापड लागत गेलं. खिडकीखाली आला आणि धापा टाकत खालीच बसला... "एवढंच राहिलं. उद्या करू."

रात्री दम वाढला म्हणून अलिबागला नेलं, तो दवाखान्यातून परतलाच नाही. त्याचं काम अर्धं राहू नये म्हणून उरलेलं कापड गावकऱ्यांनी चिकटवलं. कुणी चुना खरवडला नाही. त्यांना काय बोलू? डोळे पुसत चिकटवलं त्यांनी.

उद्या साहेब येणार. तेही ठोकूनच बघतील. आज शाळा सुटल्यावर मी दादासारखी पेरांनी भिंत ठोकत गेले. सगळीकडे भरीव वाजली. खिडकीखाली मात्र... कापड ओढलं तर सहज हातात आलं, मागे पांढरा चुना. त्याचाच ब्रश घेऊन खरवडायला बसलेय. थोडं खरवडते, ठोकते, परत खरवडते. मला कान नाही रे तुझ्यासारखा. सांग ना दादा, आता कशी वाजतेय?